आयतवारचा वापसा

हस्त नक्षत्राचा पाऊस उघडला, की मी परसातल्या कढीपत्त्याच्या आळ्यातली मूठभर माती उचलते, मुठीत दाबते आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडते. गोळा पडूनही तसाच राहिला, तर माती अजून ओली. मुठीत गोळाच धरला नाही, तर वेळ निघून गेलेली. आणि पडून अलगद फुटला, तर वापसा आला, म्हणजे पेरणीजोगी ओल जमिनीत आली. गुलबर्ग्याच्या या घरात मला काहीच पेरायचं नसतं. नातू हसतो. म्हणतो, "आज्जी, तू दरवर्षी कढीपत्त्याची परीक्षा घेतेस." मी हात धुते, पण नखांत थोडी माती राहतेच. ती मी मुद्दाम काढत नाही.

माझं शिक्षण उदगीरच्या शाळेत आणि पुढं हैदराबादच्या कॉलेजात झालं. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी पदवी पाहिली नव्हती. ज्यांनी वसतिगृहात जागा दिली, ज्यांनी जुनी पुस्तकं दिली, त्या सगळ्यांची मी ऋणी आहे. पण विश्वास पिकतो म्हणजे काय होतं, हे मला कुणी विचारलं, तर मला एकही वर्ग आठवत नाही. हस्तानंतरचं रान आठवतं, आणि अप्पा.

आमचं गाव कमलनगरच्या अलीकडं. गावाबाहेर माळाच्या कडेला आम्हा ख्रिस्ती लोकांची दहा-बारा घरं आणि मधोमध कौलारू देऊळ. आम्ही त्याला देऊळच म्हणत असू. दारातल्या लिंबाला रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. रेल्वेच्या कामावरून कुणीतरी तो आणलेला. लोखंडी खिळ्यानं तो वाजवला, की उपासनेची वेळ झाली. त्याचा आवाज घंटेसारखा गोड नव्हता, पण लांब जायचा.

निजामाचं राज्य जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. शाळेत उर्दूची जागा मराठीनं घेतली होती. मी बारा-तेरा वर्षांची असेन. माझे वडील, दानियल, यांना मी अप्पा म्हणत असे आणि आईला अव्वा. आमच्याकडं चार एकर काळी जमीन आणि एक बैल होता. त्याच्या कपाळावर पांढरी कोर होती, म्हणून त्याचं नाव चांद्या. शेजारी याकोबकाका राहायचे. त्यांचं रान माळाचं, हलकं, मुरमाड. त्यांच्याकडंही एकच बैल, तांबूस रंगाचा, कोसा. एका बैलानं पेरणीची तिफण चालत नाही. म्हणून दोघांची सावड होती: दोन बैल एका जुवाला जोडायचे, आज तुझं रान, उद्या माझं. आमच्याकडं गरिबाची शेती अशीच होते. चांद्या जुवाच्या डाव्या अंगाला आणि कोसा उजव्या. दोघांना त्याची इतकी सवय, की ओढ्यावर पाणी प्यायलासुद्धा ते त्याच बाजूंनी उभे राहायचे.

अप्पांचा बाप्तिस्मा ऐन तिशीत झालेला. त्याआधी जहागिरीच्या काळात त्यांनी वेठ केली होती. कुणाच्याही दारातून हाक आली, की उठायचं. सण असो, घरात आजारपण असो, उठायचं. बाप्तिस्म्यानंतर पाद्रीसाहेबांनी सांगितलं, सहा दिवस काम कर, सातवा देवाचा. अप्पांनी ही गोष्ट दोन्ही हातांनी धरली. आयतवारी, म्हणजे रविवारी, ते धुतलेलं धोतर नेसायचे, दाराशी घोंगडं टाकून बसायचे आणि रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला आपण बसलेलो दिसू याची काळजी घ्यायचे. पाटलाचा गडी एकदा बोलवायला आला, तर बसूनच म्हणाले, "आज न्हाई. आज मी माझ्या धन्याच्या कामावर हाय." गडी वेड्यासारखा बघत राहिला. तो दिवस त्यांच्या आयुष्यातला पहिला स्वतःचा दिवस होता, हे मला फार उशिरा समजलं. तेव्हा मला एवढंच वाटे, की आयतवारी अप्पा उंच दिसतात.

त्या साली हस्त चांगला लागला. पाऊस उघडला आणि शनिवारी वारं सुटलं. आयतवारी सकाळी याकोबकाका आमच्या दाराशी आले. त्यांच्या हातात मातीचा गोळा होता. तो त्यांनी अप्पांच्या घोंगड्यासमोर सोडला. गोळा अलगद फुटला.

"दानेलअण्णा, वापसा आलाय. चांद्याला सोड."

"आज आयतवार हाय, याकोबा."

"ठावं हाय की. मी काय तुर्काघरचा न्हाई. पण वारं बघायलास न्हवं? उद्या माझ्या रानात ओल न्हाई राहायची. तुझं काळं रान हाय, ते थांबतंय. माझं थांबत न्हाई."

"देव राखील ओल."

"देवानं वापसा आज दिलाय, अण्णा."

"आणि दिवस बी त्यानंच सांगितलाय." अप्पा उठले नाहीत. "उद्या उगवतीला ये. मी सवताच तिफण धरतो."

काका मातीचा तो चुरा पायानं सारून निघून गेले. रुळाचा तुकडा वाजला आणि आम्ही देवळात गेलो. अप्पांनी त्या दिवशी खूप मोठ्यानं गीतं म्हटली.

सोमवारी पहाटे अप्पा शब्दाप्रमाणं चांद्याला घेऊन गेले. रान वरून भाजलेल्या भाकरीसारखं झालं होतं. पेरलं खरं, पण बी कोरड्यात पडलं. दोन दिवसांनी आमच्या काळ्या रानात वापसा आला. मला वाटलं होतं, काका आता येणार नाहीत. पण सूर्य उगवायच्या आत ते कोशाला घेऊन बांधावर हजर. दिवसभर त्यांनी आमची पेरणी केली. शेवटची ओळ झाली, तसं त्यांनी जू उतरवलं, कोशाच्या मानेवरून हात फिरवला आणि म्हणाले, "सावड फिटली, दानेल. तुझ्या आयतवारानं माझं रान वाळवलं. आता तुझा देव आणि तू, दोघं मिळून नांगरा."

अण्णा म्हणणारा माणूस नुसतं दानेल म्हणाला होता. घरी येऊन ते अव्वाला म्हणाले, "मला बोलला असता तर सोसलं असतं. देवाला बोलायलाय त्यो."

अव्वा चुलीशी होती. ती म्हणाली, "देव काय लहान लेकरू हाय व्हय, रुसून बसायला? जेवा आता."

अप्पा जेवले नाहीत.

यापुढं जे सुरू झालं, ते देवळात मी त्यांच्या मांडीला मांडी लावून बसत असे म्हणूनच मला ऐकू आलं. प्रभूनं शिकवलेली प्रार्थना आम्ही सगळे मिळून म्हणत असू. तिच्यात एका ठिकाणी आपण देवाकडं क्षमा मागतो आणि लगेच पुढं, आम्हीही इतरांना क्षमा केली आहे, असं त्याला सांगतो. अप्पा क्षमा मागायचे, आणि पुढच्या शब्दांपाशी त्यांचा आवाज थांबायचा. भोवती सगळी मंडळी म्हणत असायची, आणि माझ्या उजव्या कानाशी एक भोक पडल्यासारखं व्हायचं. मग ते पुन्हा सुरू करायचे. देवासमोर खोटं बोलायचं नाही, एवढा त्यांचा नेम होता. पलीकडच्या भिंतीशी याकोबकाका असायचे. ते तर ओठसुद्धा हलवत नसत.

महिन्यातून एकदा पाद्रीसाहेब सायकलवरून यायचे आणि प्रभुभोजन व्हायचं. आमच्याकडं त्यासाठी भाकरी असे, आणि मनुका भिजवून केलेलं पाणी. ज्याचं कुणाशी वाकडं आहे, त्यानं आधी ते सरळ करून यावं, मगच मेजाशी यावं, असं साहेब दर वेळी सांगत. ते ऐकलं, की अप्पा उठून मागच्या दाराशी जाऊन बसायचे. काका पुढच्या दाराशी. मधून बाकीची मंडळी मेजाकडं जायची. सणाच्या पंगतीतून दोन माणसं उठवून लावावीत, तसं ते दिसे. फरक एवढाच, की त्यांना कुणी उठवलं नव्हतं.

साहेबांनी एकदा अप्पांना विचारलं. अप्पा म्हणाले, "साहेब, मी नेम पाळला. माझं काय चुकलं, तेवढं सांगा."

साहेब सायकलची साखळी चढवत म्हणाले, "दानियल, तुम्ही विचारताय की मला सांगताय?"

अप्पांना ते आवडलं नाही.

बायकांचं मात्र बंद झालं नव्हतं. काकांची बायको शांतव्वा परसाकडून यायची, विस्तव मागायची, ताक द्यायची. "तुमची जोडी काय म्हणायलीय?" असं ती विचारी आणि अव्वा हसून म्हणे, "एक भिंतीकडं बघून जेवायलाय, दुसरा?" "दुसरा कोशाला सांगायलाय सगळं." एकदा ओढ्यावर चांद्या आणि कोसा एकमेकांना भेटले. दोघं धावत येऊन डावीकडं-उजवीकडं उभे राहिले, जणू आता जू येईल. काकांनी कोशाला ओढलं, अप्पांनी चांद्याला. दोन्ही बैल मागं वळून बघत होते. अव्वा घरी येऊन म्हणाली, "बैलाला कळायलंय."

मग सुगी आली. आमची ज्वारी त्या साली अशी आली होती, की वाटेनं जाणारा थांबून बघे. टपोऱ्या, पिवळसर, मोत्यासारख्या दाण्यांची कणसं. अप्पांनी खळं सारवलं, मधोमध मेढ रोवली. एरवी तिच्याभोवती दोन बैल फिरायचे. आता चांद्या एकटाच फिरत होता, आणि मधूनमधून उजवीकडं मान वळवून थांबत होता. आमच्या खळ्याच्या पलीकडं, एक बांध सोडून, काकांचं खळं होतं. तिथं बैल नव्हताच. एवढंच पीक, की बैल फिरवण्याजोगी कणसांची पात पडली नव्हती. काका आणि शांतव्वा कणसं काठीनं बडवत होती. धप्, धप्. मध्ये जरा थांबायचं, पुन्हा धप्, धप्. वारा पलीकडून होता, त्यामुळं तो आवाज सारखा आमच्या खळ्यात येत होता.

अप्पा चांद्यामागं फिरत होते. एकदा ते थांबले. मला वाटलं, पाणी हवं असेल. मी तांब्या घेऊन गेले. ते माझ्याकडं बघत नव्हते. चांद्याच्या उजव्या अंगाच्या रिकाम्या जागेकडं बघत होते. म्हणाले, "रुते, हे पीक कोशानं पेरलंय."

पाणी त्यांनी घेतलं नाही.

धान्य मापायला बसल्यावर पहिल्या मापाला आम्ही एक म्हणत नसू. अप्पा म्हणत, "देवाचं," आणि ते माप देवळासाठी बाजूला ठेवत. त्या साली त्यांनी ते माप टोपलीत भरलं आणि देवळाकडं न जाता याकोबकाकांच्या दाराकडं गेले. मी मागून गेले. काकांनी टोपलीकडं बघितलं. "ह्ये काय?"

"देवाचं माप हाय."

"मग देवाला दे. मी कामून घ्यावं? दाणं देऊन फेडायलास व्हय?"

अप्पा टोपली घेऊन परत आले. ती त्यांना फार जड झाल्यासारखी दिसत होती. दुसऱ्या एखाद्यानं म्हटलं असतं, मी तर गेलो होतो, त्यानंच घेतलं नाही. अप्पा तसं म्हणाले नाहीत.

पुढच्या आयतवारी मी नेहमीप्रमाणं त्या ठिकाणाची वाट बघत होते. मंडळींचा आवाज तिथवर आला. आणि अप्पा आधीच थांबले. दुसऱ्यांना क्षमा करतो, या शब्दांच्या आधी, जिथं आपण स्वतः क्षमा मागतो, तिथंच. इतके महिने जे त्यांनी न अडखळता मागितलं होतं, ते त्यांच्या तोंडून निघेना. मी मान वर करून बघितलं. त्यांचे ओठ उघडे होते, नुसता आवाज येत नव्हता. मला भीती वाटली, की अप्पांचा विश्वास गेला. आज वाटतं, त्यानं त्याच दिवशी मूळ धरलं होतं. आपण अपराधी आहोत हे पाठ म्हणणं वेगळं. शेजारच्या खळ्यातून तो अपराध कानावर येऊ लागला, की ते शब्द तोंडात मावत नाहीत.

उन्हाळा गेला. पाटलाचा एक म्हातारा बैल कामाच्या बदल्यात मिळायचा, त्याच्याबरोबर चांद्यानं कशाबशा कुळवाच्या पाळ्या दिल्या. काकांना शांतव्वाच्या भावाचा बैल मिळे, त्याला जमेल तेव्हा. अप्पा कमी बोलू लागले. आयतवारी घोंगडं टाकायचे, पण आता रस्त्याकडं नाही, आत भिंतीशी. मला वाटायचं, ते आजारी आहेत. अव्वाला विचारलं, तर ती म्हणाली, "न्हाई. ओल मुरायलीय."

आणि पुन्हा हस्त लागला, पुन्हा उघडला, पुन्हा वारं सुटलं. आयतवारची सकाळ. मी उठून बघते, तर धुतलेलं धोतर दोरीवर तसंच, आणि अप्पा अंगणात कामाच्या धोतरात उभे. त्यांच्या पायाशी फुटलेला मातीचा गोळा. माती आमची नव्हती. आमची काळी, ही तांबूस, मुरमाड. काकांच्या बांधावरून त्यांनी ती उचलून आणली होती.

अव्वा म्हणाली, "शांताचा भाऊ बैल घेऊन आला न्हाई. त्याच्या बी रानात वापसा आलाय म्हणं."

अप्पांनी चांद्याचं दावं सोडलं. त्याला घेऊन ते दाराबाहेर आले. रस्त्यानं पाटलाचा तोच गडी चालला होता. त्यानं बघितलं, दानियल आयतवारी बैल घेऊन निघालाय. तो हसला. म्हणाला, "का हो, आज धन्यानं सुट्टी दिली न्हाई व्हय?"

ते हसू अप्पांना किती लागलं असेल, याचा विचार मी अनेकदा केला आहे. ज्या एका दिवशी ते कुणाचे गडी नव्हते, तो दिवस ते आपल्या हातानं, सगळ्या गावादेखत, सोडून देत होते. पण ते थांबले नाहीत. म्हणाले, "न्हाई. आज त्यानंच धाडलंय."

काका रानात कोशाला धरून उभे होते. तिफण आडवी पडलेली. अप्पांना बघून ते हलले नाहीत.

"कामून आलास?"

"वापसा आलाय."

"आज आयतवार हाय."

"ठावं हाय." अप्पांनी चांद्याचं दावं दुसऱ्या हातात घेतलं. "गेल्या साली माझं चुकलं, याकोबा. मी देवाचा दिवस राखला आणि तुला सोडून दिलं. मला माफ कर."

काका खाली बघत होते. पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होते. वारा दोघांच्या मधून जात होता, आणि रान क्षणाक्षणाला वाळत होतं, हे त्या दोघांइतकं दुसऱ्या कुणाला कळत नसेल. याआधी माप भरलेली टोपली परत आली होती. आता चांद्याही परत येणार का?

मग काका म्हणाले, "उजवीकडं कामून धरलास त्याला? डावीकडं लाव, अण्णा. इसरलास व्हय एका सालात?"

अप्पांनी चांद्याला डावीकडं घेतलं. त्याला घ्यावं लागलंच नाही खरं, तो आधीच वळला होता. जू ठेवताना काका पुटपुटले, "माझं बी तोंड सुटलं होतं. त्याला बोलायला नको होतं." अप्पा म्हणाले, "त्यानं सोसलं असंल." अव्वा आली, पदर खोचून तिनं तिफणीच्या चाड्यावर मूठ धरली आणि बी सुटू लागलं. शांतव्वा बियाची टोपली घेऊन मागं. मी ढेकळं फोडत चालले. तिफणीची करकर, बैलांचा हुंकार, ओल्या मातीचा वास. तिकडं देवळाच्या दारात रूळ वाजला. आम्ही सगळ्यांनी ऐकला, आणि कुणीच थांबलं नाही.

त्या आयतवारी पाद्रीसाहेब यायचे होते. देवळात त्यांना दोन घरांची माणसं दिसली नाहीत. कुणीतरी सांगितलं, दानियल रानात आहे. साहेबांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. सायकल हातात धरून ते पायवाटेनं आले आणि बांधावर उभे राहिले. अप्पांनी त्यांना बघितलं, पण ओळ अर्धवट टाकता येत नाही. ओळ संपवून ते बांधाशी आले. घाम पुसत म्हणाले, "साहेब, आज आयतवार मोडला."

साहेबांनी जुवाकडं बघितलं, दोन बैलांकडं, काकांकडं. सायकल बाभळीला टेकवली, देवळाच्या दारात काढाव्यात तशा वहाणा काढल्या. "किती राहिलंय?" त्यांनी विचारलं.

"दोन घटका."

"मग उरका. मंडळी थांबतील. मी सांगतो त्यांना." आणि जाता जाता मागं वळून म्हणाले, "हात धुवून या, पण फार घासू नका."

उपासना त्या दिवशी दुपारी झाली. प्रार्थनेत ते ठिकाण आलं. मी डोळे मिटले नव्हते. अप्पांनी क्षमा मागितली, हळू आवाजात, आणि पुढचे शब्दही म्हणाले. तेवढ्यात पलीकडच्या भिंतीकडून आणखी एक आवाज त्यांच्यात मिसळला. वर्षभर मी तो ऐकला नव्हता. मग ते दोघं उठले आणि मेजाशी शेजारी शेजारी बसले, काका उजवीकडं, अप्पा डावीकडं. भाकरीचा तुकडा घ्यायला अप्पांनी हात पुढं केला, तेव्हा त्यांच्या नखांत मुरमाड रानाची तांबूस माती होती.

पुढच्या सगळ्या आयतवारी अप्पा धुतलेलं धोतर नेसून देवळात गेले. तो दिवस त्यांनी शेवटपर्यंत पाळला. फक्त दाराशी घोंगडं टाकण्याआधी याकोबकाकांच्या रानाकडं एकदा बघून यायचे.

मीही रोज ती प्रार्थना म्हणते. त्या ठिकाणी आले, की क्षणभर थांबते, आणि कुणाचं रान वाळत असताना माझा चांद्या दावणीला बांधून तर मी बसलेले नाही ना, हे आठवून बघते. कधी कधी एखादं नाव आठवतं. मग प्रार्थना तिथंच ठेवून उठावं लागतं. आज सकाळी तसं झालं. कढीपत्त्याच्या आळ्यातला गोळा अलगद फुटला, आणि मी हात न धुताच शेजारचं दार वाजवायला निघाले.